चार हातांचा नवरा

लग्न होऊन एकवीस दिवस झाले, तेव्हा माझी खात्री पटली की माझ्या नवऱ्याला चार हात आहेत.

दोन मी लग्नातच पाहिले होते, तेही अंतरपाटाच्या खालून. (त्या काळी नवरा असा थोडा थोडाच दिसायचा.) बाकीचे दोन दिसायला वैशाखातली दुपार उजाडावी लागली. पण ते नंतर. आधी घर सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ नको. माझा झाला तेवढा पुरे.

माझं माहेर तळोद्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. सासर तापीकाठी. तेव्हा नंदुरबार हा काही जिल्हा नव्हता, आम्ही सगळे पश्चिम खानदेशात मोडायचो. मी सतरा वर्षांची. घरात सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, पण आवाज असा की शेजारच्या गावची गुरं मान वर करायची. थोरले जेठ दिवसभर शेतात. त्यांची बायको म्हणजे माझ्या जाऊबाई. आणि आमचे हे. हे गावाबाहेरच्या जीनमध्ये फिटर होते. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगाम संपला की जीन बंद व्हायचं, आणि मग चावी यांच्याकडे. रोज भर दुपारी हे "यंत्रांना तेल देतो" म्हणून जायचे आणि दोन तासांनी यायचे. माझ्या मनात यायचं, बंद पडलेली यंत्रं आणि इतकं तेल पितात?

विचारणार कोणाला? आमच्याकडे नव्या सुनेने वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नसे. आणि घर असं की जिथे बघावं तिथे एक वडीलधारं बसलेलं. उन्हाळ्यात पुरुष अंगणात निजायचे, आम्ही बाया आत. त्यामुळे एकवीस दिवसांत आमचा जो काही संसार झाला तो एवढाच. ते म्हणायचे, "पाणी." मी म्हणायचे, "हं."

पण माणूस चांगला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी परसातल्या आंब्याकडे जरा जास्तच बघितलं असेल, तर संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एक कैरी. सोबत मिठाची पुडी. दुसऱ्या दिवशी खरबुजाची फोड. कोण ठेवतं हे कोणी बोललं नाही, मीही नाही. पण मला रोज दुपार कधी संपते असं होऊन जायचं.

आणि तेवढ्यात मला खुणा दिसायला लागल्या.

पहिली खूण जेवताना. हे पानावर बसले की यांची उजवी टाच आपोआप हलायची. ठक, ठक, ठक. मग डावी. हात भाकरी मोडतोय शांतपणे आणि खाली पाय कोणा दुसऱ्याचेच. मध्येच कोपर असं झटका देऊन बाहेर जायचं, जणू कोणी आतून ढकलतंय. आबा डाळ ओरपण्यात दंग. जाऊबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या.

दुसरी खूण, सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं तेव्हा दिसली. गळ्याभोवती काळानिळा वळ. थेट गोल. फास लावून उतरवलेल्या माणसाचा असतो तसा. (मी असा माणूस कधी पाहिला नव्हता. पण सतरा वर्षांच्या मुलीला न पाहिलेलंच जास्त स्पष्ट दिसतं.) खांद्यांवर दोन्हीकडे पट्टे उठलेले, जणू रोज कोणीतरी यांच्या पाठीवर बसून जातं.

तिसरी खूण मात्र अशी की माझ्या हातातलं सूप पडलं. दुपारी ओट्यावर यांचा डोळा लागला होता आणि झोपेत ओठ सरकत होते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मक्याचं कणीस खाल्ल्यासारखे. कणीस नव्हतं. गाल मात्र फुगायचे आणि बसायचे. मग कुशीवर वळले आणि त्यांच्या अंगातून छुम असा आवाज आला. पैंजणाचा. पायात काही नाही, हातात काही नाही. पुन्हा छुम.

मी जाऊबाईंना गाठलं. त्या चुलीपाशी होत्या. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. आधी त्यांनी आबा कुठे आहेत ते बघितलं, मग दार पुढे लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "दुपारना जीनकडे जाऊ नको वं. तठे बुडेल वरात वाजस."

मग त्यांनी सांगितलं. कधी काळी एक वरात तापी उतरून येत होती. नाव उलटली. नवरानवरी वाचली, वऱ्हाडी वाचले, पण बाजेवाले बुडाले, कारण त्यांची वाद्यं अंगाला बांधलेली होती. तेव्हापासून ते भर बाराला नदीतून वर येतात. ओले. आणि जीन रिकामं असतं म्हणून तिथे उभे राहून वाजवतात. वाजवून वाजवून एकेक जण विरत चाललाय, म्हणून त्यांना नेहमी एक वाजवणारा कमी पडतो. मग ते जिवंतांतला बघतात.

"कोण?" मी विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, भाकरी करपली बघ.

आता कोणीही शहाणी मुलगी या गोष्टीनंतर घरात बसली असती. मी दुसऱ्याच दिवशी बाराला जीनकडे निघाले. कोनाड्यातल्या कैरीची शपथ, मला जायचं नव्हतं, पाय गेले.

वैशाखातली आमच्याकडची दुपार तुम्ही पाहिली नसेल तर सांगते, रात्र परवडली. रात्री निदान कुत्री भुंकतात. दुपारी काहीच नाही. दारं लावलेली, रस्ता पांढरा, झाडाखाली सावली नाही, नदीकडे हवा पाण्यासारखी हलतेय. माझ्या पावलांचा आवाज सोडला तर सगळं गाव मेल्यासारखं. आणि त्या शांततेत, लांबून, वरात आली.

खरंच आली. ढोल, झांज, पेटी, घुंगरं, आणि त्यावर एक पातळ शीळ घातल्यासारखा सूर. लग्नातलीच चाल, पण मध्येच अडखळणारी, धाप लागल्यासारखी. वाजवणारे पाच तरी असावेत. जीनच्या दाराला बाहेर एकच चपलांचा जोड होता. तो मी ओळखला.

फटीला डोळा लावला. आत पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या. छताच्या लाकडांवरून वर्षानुवर्षांचा कापूस लोंबत होता, पांढरा, जाळ्यांसारखा, आणि प्रत्येक ढमबरोबर त्यातला थोडा सुटून हवेत तरंगायचा. त्या पांढऱ्यात मध्यभागी एकच आकृती. पाठीवर हे एवढं मोठं कुबड. आणि कुबडाला आपला आपण मार बसत होता, कोणीही न मारता. डोक्याच्या वर दोन चकचकीत पंजे आपोआप उघडत होते, मिटत होते, झण्ण, झण्ण. खालचे दोन हात पोटाशी काही तरी करत होते. आणि तोंड, ते सगळ्यात वाईट. तोंडाला चांदीचं काहीतरी चिकटलं होतं आणि ते यांचे ओठ ओढत होतं, डावीकडे, उजवीकडे.

चार हात. मी दोनदा मोजले.

घरी कशी आले ते आठवत नाही. माझ्या चपला तिथेच राहिल्या, एवढं आठवतं.

त्याच दिवशी गावात बांगड्या भरणारा कासार आला होता. तो पुढे तळोद्याकडे जाणार होता. बांगड्या भरून घेता घेता मी त्याच्याकडे नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, निरोप दिला. जावयाला बाधा आहे, मला घेऊन जा. दिला आणि घरात येऊन बघते तर कोनाड्यात मूठभर करवंदं, पानात बांधलेली. आता काय करावं? नाना तीन दिवसांत गाडी जुंपून येणार, म्हणजे येणारच. एकदा मी गाडीत बसले की परत पाठवणी नाही. आणि हे इथे त्या ओल्या बाजेवाल्यांत एकटे. म्हटलं, नाही. असा माणूस सुखासुखी भुतांना द्यायचा नाही. नाना यायच्या आत उतरवायचंच.

माझी आई दृष्ट काढण्यात पटाईत होती. सात सुक्या लाल मिरच्या, मीठ, मोहरी, ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर काळजी नाही. ठसका नाही लागला तर समजायचं, बाधा जबर आहे. हे दुपारी ओट्यावर झोपले असताना मी ओवाळलं आणि चुलीत टाकलं. थांबले. नाक पुढे करून थांबले. काही नाही. साधी शिंकसुद्धा नाही.

म्हणजे बाधा जबर. (चूल कधीचीच विझली होती आणि मी मिरच्या गार राखेत टाकल्या होत्या, हे जाऊबाईंना संध्याकाळी राख काढताना कळलं. त्यांना वाटलं नव्या सुनेला राखेचं लोणचं घालायचंय. मला ते पुढे कळलं.)

मग मी हिशेब केला, तोही आईच्याच शिकवणीवरून. एका माणसाच्या बाधेला सात मिरच्या, तर बुडालेल्या अख्ख्या वरातीला किती? आबांनी नुकतंच नंदुरबारच्या बाजारातून वर्षाच्या मिरचीचं पोतं आणलं होतं. मी टोपलं भरून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाराला मी जीनच्या मागच्या बाजूला होते. तिथे कापसाचा कचरा बाहेर टाकायचं एक ठेंगणं भोक होतं, त्यातून घमेल्यात निखारे घेऊन सरपटत आत गेले. आई सांगायची, जबर बाधेला केस मोकळे सोडून ओवाळावं, म्हणून केस मोकळे. घामाने कुंकू नाकावरून हनुवटीपर्यंत उतरलेलं. अंगभर कापूस. (हे मला तेव्हा दिसत नव्हतं. ज्यांना दिसलं त्यांनी नंतर पुष्कळ सांगितलं.) वरात पलीकडे वाजत होती. मी डोळे मिटले, टोपलं ओवाळलं आणि सगळं घमेल्यात ओतलं.

कापसाला ठिणगी लागली नाही ही त्या तापीमाईची कृपा. बाकी मात्र ठसका लागला. असा ठसका आमच्या पंचक्रोशीत पुन्हा कोणाला लागला नसेल. आत धूर नुसता भिंतीसारखा उभा राहिला आणि त्या भिंतीच्या आत वरात वेडी झाली. खोकला आला की ढोल ढमकायचा, शिंक आली की झांज आपटायची, आणि श्वास घेतला की तो पातळ सूर विव्हळायचा. मग दार धाडकन उघडलं आणि ते सगळं उन्हात पळत सुटलं.

नदीच्या दिशेने.

मला एकच कळलं. घेऊन चालले. मी मागे धावले. हातात धुमसतं घमेलं, ते टाकायचंसुद्धा सुचलं नाही. आणि ओरडले. आता नुसतं ओरडले असते तरी चाललं असतं. मी यांचं नाव घेतलं. भर गावात, मोठ्याने, तीनदा. (इथे लिहीत नाही. त्या दिवशी घेतलं तेवढं आयुष्याला पुरलं.)

हे नदीवर गेलेच नाहीत. डोळ्यांत मिरची गेलेल्या माणसाला जवळचं पाणी पुरतं. हे गावातल्या गुरांच्या हौदावर गेले आणि मुंडकं आत घातलं. दारं उघडत होती, बघत होती आणि पुन्हा लागत होती. मी पोचले, घमेलं खाली ठेवलं आणि त्या पाठीवरच्या कुबडाला दोन्ही हातांनी मिठी मारली, सोड त्यांना, सोड, म्हणून त्यावर बुक्क्या मारल्या. ढम, ढम, ढम. चौथ्या बुक्कीला मला समजलं की भुताला कातडं असतं आणि ते दोऱ्यांनी चांगलं ताणून बसवलेलं असतं.

ढोल होता तो. टाचेला बांधलेल्या दोरीने वाजणारा. दुसऱ्या टाचेच्या दोरीला डोक्यावरच्या झांजा. गुडघ्याला घुंगरं, त्यातलं एक सुटून सदऱ्याच्या खिशात राहिलेलं. पोटाशी पेटी. गळ्यात तारेचं कडं आणि त्यात तोंडाने वाजवायचा बाजा. सगळं जीनच्या जुन्या पट्ट्यांनी अंगाला आवळलेलं. हे सुरतेला फिटरकाम शिकायला गेले होते, तिथे सर्कशीत एक माणूस एकटा अख्खा बँड वाजवताना पाहिला, आणि तेव्हापासून यांना तेवढं एकच वेड. आबांनी लग्नाआधीच बजावलं होतं, शेतकऱ्याच्या पोराने वरातीत वाजवत हिंडायचं नाही, ते सगळं मोडून टाक. आबांना वाटत होतं मोडलं. जाऊबाईंना माहीत होतं मोडलेलं नाही. म्हणून लोकांनी जीनकडे फिरकू नये यासाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ती बुडालेली वरात गावात सोडली होती. आणि सांगून सांगून ती इतकी खरी झाली होती की आता त्या स्वतःही दुपारी तिकडे जात नव्हत्या.

हे मला पुढे कळलं. त्या क्षणी माझ्याभोवती गाव जमलं होतं, पण जरा अंतर राखून. मला वाटलं यांना बघताहेत. यांना कोणी बघतच नव्हतं. एक म्हातारी बोट माझ्याकडे करून म्हणाली, "नवरानं नाव लिधं तिनी." बस, निकाल लागला. शहाणी बाई नवऱ्याचं नाव घेते का? केस मोकळे, डोळे लाल, तोंडावर रक्त, म्हणजे कुंकू, अंगभर पांढरं आणि पायाशी धुराचं घमेलं. हडळ लागली होती. मला.

कोणीतरी भूत झाडणाऱ्या भगताला आणलं. त्याने कडुलिंबाची फांदी उचलली, यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फांदी खाली ठेवली. "आधी ठरावा," म्हणाला, "झाडानं कोनले?"

आणि नेमकी त्याच वेळी नानांची बैलगाडी आली.

नाना जावयाची बाधा बघायला आले होते. त्यांनी बघितलं, जावई हौदावर बसलाय, पाठीवर ढोल, आणि त्यांची स्वतःची मुलगी कडुलिंबाच्या फांदीसमोर. आबा काठी टेकत आले. लेकाकडे बघितलं, डोक्यावरच्या झांजांपासून टाचेच्या दोरीपर्यंत. व्याह्यासमोर त्यांची मान खाली गेली. हळू आवाजात ते म्हणाले, "हाऊ मन्हा पोऱ्या शे." आबांना हळू बोलता येतं हे गावाला त्या दिवशी कळलं.

गावाचं मात्र ठरलं होतं. पोरगी माहेरी जाऊ द्या. बरी झाली तर बघू. नानांनीही गाडीवरची घोंगडी सारखी केली आणि मला म्हणाले, चल. मी कोणाकडे बघणार? मीच तर निरोप धाडला होता. एक पाय उचलला, दुसरा जागचा हलेना.

तेव्हा हे उठले. उठताना ढोल वाजला, त्याला इलाज नव्हता. मिरचीने आवाज पार बसला होता. चार वडीलधाऱ्यांसमोर, भर दिवसा, माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्या फाटक्या आवाजात आबांना म्हणाले, "मन्हा बाजा ऐकीसन दूर पयनारा गंज देखात, आबा. मन्हा मांगे पयत येल हाई पहिलीच शे. इले कोठे धाडू नका."

आबांनी हात कानामागे नेला. काय म्हणाला म्हणून जाऊबाईंना विचारलं. जाऊबाईंनी ते सगळं, बाजा ऐकून लांब पळणारे पुष्कळ पाहिले, मागे पळत आलेली ही पहिलीच, असं पुन्हा आबांच्या कानात ओरडून सांगितलं, म्हणजे ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांनाही गेलं. मी पदर पुढे ओढायला गेले तर पदरात कापूसच जास्त होता.

आबांनी काठीने मातीत एक रेघ मारली. मग म्हणाले, सून इथेच राहील. आणि वाजव म्हणावं, पण जीनमध्ये. नाना गाडीतून उतरले ते दोन दिवस राहिले, आणि दोन्ही दुपारी जीनमध्ये जाऊन ऐकून आले. परत जाताना मला म्हणाले, तुझ्या आईला काय सांगू? म्हटलं, मिरच्या संपल्या म्हणून सांगा.

पुढे हे वाजवत राहिले. आधी जीनमध्ये, मग यात्रेत, मग आबांनीच एका लग्नात ओढून नेलं. बुडालेल्या वरातीची गोष्ट हळूहळू गावातून गेली, कारण वाजवणारा आता सगळ्यांना माहीत होता. हडळीची मात्र गेली नाही. तिची उंची वाढली, केस जमिनीला लागले, घमेल्याचं मडकं झालं. परवा माझी नातसून बाळाला जेवू घालताना तीच सांगत होती, खा नाहीतर पांढरी बाई येईल नाव घेत. बाळाने पटकन तोंड उघडलं. तिने मला विचारलं, "आजी, तुम्ही तर जुन्या, तुम्ही कधी बघितली का हो तिला?"

म्हटलं, बघते ना. रोज सकाळी, केस विंचरताना.